गाडीतून कोण उतरलं

“मुक्ता,” अपूर्व माइकमध्ये म्हणाला, “माझ्या मुलीचं नाव मुक्ता होतं.” आणि तो थांबला. कुठे थांबायचं ते हल्ली त्याला छान कळायला लागलं होतं. तिसऱ्या रांगेत आईशेजारी बसलेल्या अंतराला क्षणभर खरोखरच वाटलं, की हा दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीबद्दल बोलतोय. त्याच्या त्या विचारमंचातल्या कुणाची तरी असेल, कितीतरी लोक येऊन त्याला आपापलं सांगत असतात. “टाळेबंदीत आलेली मुक्ता,” तो पुढे म्हणाला, “आणि तिला एक श्वाससुद्धा मोकळा मिळाला नाही.” मागच्या रांगेत कुणीतरी चुकचुकलं. आईचा हात अंतराच्या हातावर आला, कोरडा, हलका, आणि आई तिच्या कानाशी पुटपुटली, “नाव ठेवलं होतंत तुम्ही? मला कधी बोलली नाहीस ते.” तेव्हा तिला कळलं. आधी पोटातच कळलं, टाक्यांच्या जुन्या जागी काहीतरी आवळल्यासारखं झालं, आणि मग स्टेजवरचा तो ओळखीचा निळा कुर्ता, जो तिनेच सकाळी इस्त्री करून दिला होता, एकदम कुणा परक्या माणसाने घातल्यासारखा दिसायला लागला.

नाव ठेवलेलं नव्हतं. बारशाच्या आधी कसलं नाव, असं आईच म्हणायची, आणि अंतरालाही नावाची घाई नव्हती. कॉलेजातून येऊन ती ओट्याशी उभी राहायची, खोबरं खवायची, आणि पोटातल्या तिच्याशी बोलायची तेव्हा तिला नुसतं ‘तू’ म्हणायची. तू आता झोप. तुला हा वास नाही ना आवडत? तुझं काय चाललंय आज, इतक्या ढुशा का मारतेयस? मुलगी की मुलगा तेही तेव्हा माहीत नव्हतं, आणि ‘तू’ला ते लागतही नव्हतं. नंतर, सगळं संपल्यावर, तेवढंच तिच्याकडे राहिलं होतं. ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं आणि कुणी नेण्यासारखंही नव्हतं, असं तिला आजपर्यंत वाटत होतं. आणि आता हा म्हणतो, मुक्ता. त्याने हे कुठे ठरवलं असेल? आंघोळ करताना? गाडी चालवताना सिग्नलला? आधी आणखी एकदोन नावं घेऊन बघितली असतील, ओठांवर फिरवून, आणि मग हे सापडलं असेल. टाळेबंदी आणि मुक्ता. किती बरोबर बसतं. बॅनरवर बसतं, भाषणात बसतं, उद्या व्हिडिओच्या खाली मोठ्या अक्षरांत बसेल. त्याला हे सुचलं तेव्हा तो खूशही झाला असेल.

हे सभागृह तिच्या माहेरापासून चार पावलांवर, नौपाड्यात, एका जुन्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. लहानपणी ती इथेच वक्तृत्व स्पर्धेला यायची आणि दर वेळी मधेच विसरायची. पडद्यावर लिहिलं होतं, ‘टाळेबंदी : गरज की अतिरेक?’ एका बाजूला अपूर्व, दुसऱ्या बाजूला डॉ. राजरत्न सोनावणे, ज्यांनी तेव्हा कल्याणला कोविडचा वॉर्ड सांभाळला होता, आणि मधे सोनल नावाची, एका लोकल चॅनेलवर बातम्या देणारी हसरी मुलगी. अपूर्वचं भाषण अंतरा पहिल्यांदाच ऐकायला आली होती. तो बोलवायचा, ती टाळायची. या वेळी आईच म्हणाली, “अगं, घराशेजारी आहे, मला जिने चढवायला तरी चल.” आणि चीड आणणारी गोष्ट ही, की त्याचं म्हणणं तिला पटत होतं. पहिली पंधरा मिनिटं ती मान हलवत होती. बांधकामावरची माणसं नाशिकच्या रस्त्याने पोरं खांद्यावर घेऊन चालत गेली ते, शाळा इतका काळ बंद ठेवून मुलांचं काय केलंत ते, दुकानदाराला काठी आणि पुढाऱ्यांच्या घरच्या लग्नांना बंदोबस्त ते. ठाकुर्लीच्या त्यांच्या सोसायटीत कामवाल्या बायकांना गेटवर उन्हात उभं करून अंगावर ब्लीचचं पाणी मारलं होतं, तेही त्याने सांगितलं. फक्त फवारणीचा पंप कुणाच्या हातात होता ते सांगितलं नाही. तो याच्याच हातात होता. तेव्हा तो सोसायटीच्या कोविड समितीत होता, गॅलरीत उभा राहून सगळ्यांत जोरात थाळी वाजवत होता, दूध पिशवीसकट साबणाने धुवत होता, आणि खालच्या मजल्यावरचे म्हातारे काका पहाटे जिन्यात येरझाऱ्या घालतात म्हणून ग्रुपवर त्यांचा फोटो टाकत होता. तिने एकदा म्हटलं होतं, अरे, त्यांचे गुडघे आखडतात, चालू दे की. तर म्हणाला, “अंतरा, तुझ्यासारख्या लोकांमुळेच पसरतो हा.” माणूस बदलतो, बदलावाच. तो बदलला तेव्हा तिला बरं वाटलं होतं. पुस्तकं आणली, व्हिडिओ पाहिले, आधी ग्रुपवर भांडला, मग लेख, मग भाषणं. तिला वाटायचं, हे त्याचं रडणं आहे. एकेकाची पद्धत असते. म्हणून तिने कधी विचारलं नाही की तू तिथे नक्की काय बोलतोस.

“आम्ही शीळफाट्याला पोचलो,” अपूर्व सांगत होता, “तेव्हा माझी बायको मागच्या सीटवर कण्हत होती. शुद्ध हरपत होती तिची.” आईचा हात घट्ट झाला. “समोर बॅरिकेड. तो अधिकारी म्हणाला, पास दाखवा, नाहीतर मागे फिरा. मी गाडीतून उतरलो. मी त्याला म्हटलं, साहेब, मला गोळी घाला, पण माझ्या बायकोला पुढे जाऊ द्या. आणि या हातांनी,” त्याने दोन्ही हात वर केले, “या हातांनी मी ते बॅरिकेड बाजूला ओढलं.” टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. आई डोळे पुसत म्हणाली, “बोलतो किती छान, नाही? तो होता म्हणून तू वाचलीस गं.” अंतराने त्या हातांकडे पाहिलं. तिला वाटलं, आपण खोटं तर आठवत नाही ना? इतक्या आत्मविश्वासाने माणूस बोलतो तेव्हा आधी स्वतःवरच शंका येते. मग तिने डोळे मिटले आणि पायाखालचं डांबर आठवलं. ते खोटं असूच शकत नव्हतं. चपलेतून वर चटका येत होता, आणि डाव्या पायाची चप्पल डांबराला चिकटून प्रत्येक पावलाला चर्र आवाज करत होती.

मे महिना होता. पहाटेपासून पोटातलं हलणं कमी वाटत होतं. गार पाणी प्यायली, कुशीवर झोपली, ‘तू’शी बोलली, तरी नीट उत्तर येईना. नौपाड्यातल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला, आईचं घर जवळ म्हणून नाव तिथेच घातलेलं, त्या म्हणाल्या, लगेच निघा. अपूर्वने ग्लोव्हज घातले, चेहऱ्यापुढे ते प्लास्टिक लावलं, गाडीची हँडल पुसली, मग सीट पुसल्या. ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. मानपाडा रोड रिकामा होता, इतका की नेहमीच्या दुकानांच्या पाट्या पहिल्यांदाच वाचता आल्या. ती पुढे बसली होती, मागे नाही. मागे तिला मळमळायचं. ती कण्हत नव्हती. ती दोन्ही हात पोटावर ठेवून, कान देऊन ऐकल्यासारखी बसली होती. शीळफाट्याला टेम्पोंची रांग होती आणि मंडपाच्या सावलीत खुर्ची टाकून एक अधिकारी बसला होता. पास? अपूर्वने काच थोडी खाली केली. साहेब, मिसेस प्रेग्नंट आहेत, ठाण्याला डॉक्टर आहेत. डोंबिवलीत डॉक्टर मेले काय सगळे? कंटेन्मेंट एरियातून येता आणि दुसरीकडे पसरवता. मागे घ्या गाडी. आणि अपूर्व म्हणाला, “हो साहेब. बरोबर आहे साहेब.” त्याने काच वर केली, मोबाइल काढला आणि म्हणाला, “ऑनलाइन पास मिळतो म्हणतात लवकर. मी टाकतो. तू शांत बस.” मोबाइलवर ते गोल गोल फिरत राहिलं. ती त्या गोल फिरणाऱ्या खुणेकडे बघत होती, आणि पोटात काहीच नव्हतं, कुणी घर सोडून गेल्यावर असतं तसं काहीच नव्हतं. तिने दार उघडलं. “अंतरा, काय करतेस? बस आत. मास्क नीट कर तो. अगं, नियम आहे तो!” हे वाक्य तिला पुढे कितीतरी वेळा ऐकू आलं, दूध उतू जाताना, वर्गात पाठमोरं होऊन फळ्यावर लिहिताना. अगं, नियम आहे तो.

ती उतरली आणि चालायला लागली. अधिकाऱ्याला आधी म्हणाली, मला जाऊ द्या. साधं म्हणाली. त्याने मान वर न करता हात हलवला. मग ती ओरडली. काय ओरडली ते तिला शब्दाशब्दाने आठवत नाही, त्यात शिव्या होत्या, ज्या तिने आयुष्यात तोंडाने उच्चारल्या नव्हत्या, फक्त ऐकल्या होत्या. त्या इतक्या सरळ बाहेर आल्या की जणू तिथे कधीच्या तयार होत्या. मास्क हनुवटीवर आला होता. रस्त्याकडेला खाडीवरच्या तीनचार कोळणी बसवून ठेवल्या होत्या, सकाळपासून, पाट्या उन्हात, कोळंबीचा वास सुटलेला. त्यातली एक उठली. एक शिपाई तिच्यावर खेकसला, “ए मंजुळाबाई, तुला सांगितलंय ना, खाली बस.” मंजुळाबाई खाली बसली नाही. ती सरळ येऊन अंतराच्या शेजारी उभी राहिली, लुगड्याचा काष्टा खोचलेला, तोंडाला पदर, आणि म्हणाली, “जा गो बाय, जा तू! कोन अरवतंय तुला ते बघतंय मी.” बॅरिकेडची चाकं गंजलेली होती. एका टोकाला अंतरा आणि दुसऱ्या टोकाला मंजुळाबाई, दोघींनी ते ओढलं, डांबरावर लोखंडाचा आवाज झाला, तो अंतराच्या दातांत गेला. एका कोवळ्या लेडी कॉन्स्टेबलने अडवायला हात वर केला आणि अंतराच्या पोटाकडे पाहून तो तसाच खाली घेतला. मागून गाडी आली. मंजुळाबाईने बोनेटवर थाप मारली, “घे रं तिला गारीत!” ती बसली. मुंब्र्याच्या वळणावर अपूर्व आरशात मागे बघत म्हणाला, “गाडीचा नंबर घेतला असणार त्यांनी.”

पुढचंही त्याने आता सांगितलं, नर्सिंग होमला लागलेलं सील, शटरवर चिकटवलेला कागद, दुसऱ्या हॉस्पिटलने मागितलेला रिपोर्ट, पार्किंगमधल्या झाडाखाली घालवलेली दुपार. ते सगळं खरं होतं, आणि ते खरं असल्यामुळे आधीचंही खरं वाटत होतं. “शेवटी आत घेतलं,” तो म्हणाला, आवाज खाली आणत, “तेव्हा डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतंत, तर मुक्ता वाचली असती.” असं कुणीही म्हटलं नव्हतं. अंगभर प्लास्टिक घातलेली ती डॉक्टर, जिचे फक्त डोळे दिसत होते, अंतराच्या उशाशी वाकून म्हणाली होती, ठोके कधी थांबले ते सांगता येणार नाही, कदाचित पहाटेच. त्या ‘कदाचित’वर अंतरा इतकी वर्षं राहत आली होती, एखाद्या अरुंद कठड्यावर राहावं तशी, एका बाजूला झुकलं की राग, दुसऱ्या बाजूला झुकलं की स्वतःचंच काही चुकलं का, पाणी प्यायला उशीर केला का, रात्रीच का नाही निघाले. आणि याने तो कठडाच काढून टाकला होता. त्याला तिथे अर्धा तास बसवावासा वाटला, कारण अर्ध्या तासाला टाळ्या पडतात.

डॉ. सोनावणे उठले. थकलेले, नीटस, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत. ते म्हणाले, अपूर्वजींच्या दुःखापुढे मी नतमस्तक आहे. ते म्हणाले, पण धोरण अपवादांवर ठरत नाही. त्या महिन्यांत माझ्या वॉर्डात ऑक्सिजनसाठी माणसं माझा कोट धरत होती; माझी एक सिस्टर गेली, तिचं मूल दूधपीतं होतं; रस्ते बंद केले नसते तर किती गेले असते, याचा अंदाज पडद्यावर दाखवतो. पडद्यावर रेषा आली, चढणारी एक, सपाट एक. ते खोटं बोलत नव्हते, त्यांचा आवाज सिस्टरच्या नावाशी अडखळला होता, आणि तरी अंतराला वाटलं, की उठून त्या पडद्याला नखं लावावीत. अपवाद. त्या दोन रेषांच्या मधल्या पांढऱ्या जागेत कुठेतरी ती आणि मंजुळाबाई बॅरिकेड ओढत होत्या, आणि दोन्ही बाजूंना त्या दिसत नव्हत्या. एकाने तिला मागच्या सीटवर बेशुद्ध झोपवलं होतं आणि दुसऱ्याने गणितातून वगळलं होतं. सोनल म्हणाली, “आता प्रेक्षकांचे प्रश्न. थोडक्यात हं.” अंतरा उभी राहिली. आपण उभ्या आहोत हे तिला आई ओढणीचं टोक ओढायला लागली तेव्हा कळलं. “बस गं खाली, लोक बघताहेत.” माइक तिच्या हातात आला, गरम, तो आणून देणाऱ्याच्या घामाचा.

“माझं नाव अंतरा. मी ठाकुर्लीहून आले. प्रश्न अपूर्व यांना आहे.”

अपूर्व हसला. तो पुढे वाकून प्रेक्षकांना म्हणाला, “ही माझी पत्नी आहे,” आणि सभागृहाने तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. लोक वळून वळून बघत होते, ओल्या डोळ्यांनी, बेशुद्ध पडलेली बाई उठून आल्यासारखं. सोनल छातीवर हात ठेवून म्हणाली, “ताई, तुम्ही स्टेजवर या ना, प्लीज.”

“टाळ्या नकोत,” अंतरा म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, माइक किरकिरला. “मी प्रश्न विचारायला उभी आहे. त्या दिवशी शीळफाट्याला गाडीतून कोण उतरलं?”

अपूर्वचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, फक्त त्याच्या मागचा माणूस निघून गेला होता. “अंतरा, आपण दोघंही तेव्हा इतक्या ताणात होतो, की…”

“कोण उतरलं?”

“हे बघ, हे आपण घरी बोलू.”

“घरी तू बोलत नाहीस. इथे बोलतोस. म्हणून मी इथे विचारतेय. कोण उतरलं?”

त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. “तू,” तो म्हणाला. माइक तोंडापासून लांब होता तरी ऐकू आलं.

“बॅरिकेड कुणी ओढलं?”

“तू. आणि ती… एक कोळीण होती.”

“मंजुळाबाई. तिची सकाळपासूनची कोळंबी उन्हात सडत होती आणि तरी ती माझ्यासाठी उठली. तिला पुढे काय केलं त्या लोकांनी, ते मला माहीत नाही. तुला तर ती आठवलीसुद्धा नाही.” तिने माइक दोन्ही हातांनी धरला. “आणि माझी मुलगी वाचली असती असं कुठलाही डॉक्टर म्हणाला नाही. ती वाचली असती की नाही, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. आणि तिचं नाव मुक्ता नाही. तिला नाव ठेवलेलं नाही, आणि ते ठेवायचं काम तुझ्या भाषणाचं नाही.”

कुणीतरी मागून म्हणालं, “घरगुती भांडणं घरी करा.” दुसरं कुणीतरी म्हणालं, “बोलू द्या त्यांना.” डॉ. सोनावणे उभे राहिले, हात पुढे बांधून. “ताई,” ते म्हणाले, “तुम्हाला त्या दिवशी सोडायलाच हवं होतं. पण तेव्हाची परिस्थिती…”

“पण नको, डॉक्टर. तिथेच थांबा.”

ते थांबले. हळूच खाली बसले. अंतराचा त्यांच्यावरचा राग थोडा कमी झाला. पण गेला नाही. “तुम्ही मला अपवाद म्हणालात,” ती त्यांना म्हणाली. “तुमच्या वॉर्डातली माणसं मेली ती खरी आहेत. तुमची सिस्टर गेली, तिच्या मुलाचं मला वाईट वाटतं. पण ती सगळी मोजून तुम्ही त्या नाक्यावरच्या माणसाला बरोबर ठरवू नका. आणि हे,” तिने नवऱ्याकडे न बघता हात केला, “माझी मुलगी वाचली असती असं सांगून त्याला चूक ठरवताहेत. ती वाचणार नव्हती हे आधीच कळलं असतं, लिहून दिलं असतं कुणी, तरी मला जाऊ द्यायला हवं होतं. मला डॉक्टरकडे जायचं होतं. एवढं कळायला आकडे लागत नाहीत, आणि रडूही लागत नाही.” तिला आणखी बोलायचं होतं, बरंच होतं, पण एकाएकी शब्द संपले, लहानपणी स्पर्धेत संपायचे तसे, आणि तिने माइक समोरच्या माणसाच्या मांडीवर ठेवला आणि आईला दंडाला धरून उठवलं.

जिन्यात आई एकेक पायरी उतरत होती. अर्ध्यावर थांबली, कठड्याला टेकली. “तू उतरली होतीस? एवढं पोट घेऊन?” अंतराने मान डोलावली. आई म्हणाली, “मी त्याला दर दिवाळीला ओवाळते तेव्हा मनात म्हणते, माझी मुलगी वाचवलीस बाबा. त्याने एकदाही सांगितलं नाही की मी नव्हतो.” मग पुढच्या पायरीवर पाय टाकत, तिच्या त्या जुन्या शाळामास्तरणीच्या आवाजात म्हणाली, “त्या अधिकाऱ्याला चांगल्या शिव्या तरी दिल्यास ना गं?” अंतराला हसू आलं नाही, पण छातीत काहीतरी हललं. तिने आईला तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत सोडलं, शेजारच्या आजी तिथे भेटल्या, दोघी हात धरून गेल्या, आणि ती रस्त्याकडे परत वळली तेव्हा अपूर्व समोर उभा होता. कुर्त्यावर अजून तो छोटा माइक लटकत होता. काढायचा राहिला असेल.

“बरं वाटलं?” तो म्हणाला. “सगळ्यांसमोर मला खोटं पाडून?” चपलांच्या दुकानाच्या पायरीवर दोन बायका ऐकत होत्या, त्याने आवाज खाली आणला. “अगं, मी आपलंच सांगतोय. त्यांनी जे केलं ते लोकांना कळायला नको? आपली मुलगी गेली, अंतरा. कोण उतरलं याने काय फरक पडतो? लोकांनी ऐकावं म्हणून थोडं सोपं करावं लागतं.”

“तू मला मागच्या सीटवर झोपवलंस.”

“ते… तसं सांगितलं की पोचतं.”

“मी आयुष्यात एकदाच कुणाला नाही म्हटलंय, अपूर्व. एकदाच. कॉलेजात नाही, घरी नाही, सासरी नाही, तुला नाही. ते एक होतं, आणि तू ते उचलून स्वतःच्या अंगावर घातलंस. मुलीचं नावही तूच ठेवलंस. आता माझ्याकडे काय आहे?” तिला वाटलं होतं आपण ओरडू, पण आवाज खाली खाली जात होता, आणि तो जास्त वाईट होता हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

“मग मी काय सांगू?” तो म्हणाला. “माझ्याकडे तरी काय आहे सांगायला?”

“तू गाडीत बसला होतास ते आहे. का बसलास ते सांग.”

मागून रिक्षांचे हॉर्न वाजत होते, कुणी वाट मागत होतं, आणि तो रस्त्यातच उभा होता. तिला वाटलं, भीती वाटली म्हणेल. आजाराची, पोलिसांची, पासची. ते तिने स्वतःच त्याच्या वतीने कितीतरी वेळा म्हटलं होतं आणि त्याला माफही करून टाकलं होतं. पण तो ते म्हणाला नाही. तो तिच्या खांद्यावरून कुठेतरी बघत म्हणाला, “मला तो बरोबर वाटत होता. तो अधिकारी. तू उतरलीस तेव्हा मला तुझी लाज वाटली.” आणि मग, जणू हे दुसऱ्या कुणी बोललं असावं तसं, त्याने तिच्याकडे पाहिलं.

इतक्या वर्षांत तो तिच्याशी पहिल्यांदाच बोलला होता. तिचा राग इतका वेळ नुसता सगळीकडे पसरलेला होता, नाक्यावर, शटरवर, पडद्यावरच्या रेषांवर, त्या टाळ्यांवर. तो आता गोळा होऊन एका जागी येऊन उभा राहिला. तिला आश्चर्य वाटलं की त्याने हलकं वाटतं. “हे बोल,” ती म्हणाली. “कल्याणला पुढच्या महिन्यात आहे ना तुझं, तिथे हे बोल.”

“हे?” तो म्हणाला. “हे ऐकायला कोण येईल?”

“मी आज हेच ऐकायला आले होते.”

त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली, हातात धरली, आणि म्हणाला, “गाडी पुलाखाली लावलीय. चल.” तिने हात केला. एक रिक्षा थांबली. “स्टेशन,” ती म्हणाली आणि आत चढली. अपूर्व रिक्षाच्या दांडीला धरून वाकला, आता बसू की नको अशा चेहऱ्याने, एक पाय आत टाकायच्या बेतात. ती सीटच्या मधोमध बसली, पर्स एका बाजूला ठेवली, ओढणी दुसऱ्या बाजूला नीट पसरली, आणि सरकली नाही.